असिस्टंट कोच म्हणून आयुष्य काढता येतं का? हर्मन गेरलांडची गोष्ट ऐक

प्रश्न वाचला. वय २८, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खेळणं संपलं, एका फुटबॉल अकॅडमीने असिस्टंट कोच म्हणून बोलावलंय पण घरचे म्हणतायत असिस्टंट म्हणजे मार्कर मांडायचे आणि बॉल गोळा करायचे, पुढे हेड कोच करणार असतील तर जा नाहीतर बँकेच्या परीक्षेला बस. आणि शेवटी विचारलंयस की जगात कुणी असिस्टंट म्हणूनच नाव कमावलंय का.

कमावलंय भावा. आणि असंतसं नाही.

मी स्वतः १९ वर्षं हेच काम करतोय, आधी कोल्हापुरात, आता पुण्यात. १३ वर्षांखालच्या पोरांपासून सीनियर टीमपर्यंत सहा हेड कोचच्या हाताखाली राबलोय. त्यामुळे सल्ला देऊ शकतो पण नुसता सल्ला दिला तर तुझ्या घरचे म्हणतील हा स्वतःच असिस्टंट, हा काय वेगळं सांगणार. म्हणून आधी एका माणसाची गोष्ट सांगतो, नीट आणि पूर्ण सांगतो, कारण त्याच्याबद्दल आपल्याकडे फार कमी लोकांना माहितीय आणि मला त्याच्याबद्दल मनापासून आदर आहे. हर्मन गेरलांड. जर्मनीत त्याला सगळे ‘टायगर’ म्हणतात.

जन्म ४ जून १९५४, गाव बोखुम. जर्मनीच्या पश्चिमेला रूर नावाचा पट्टा आहे, कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने, आपल्याकडे गिरणगाव जसं कामगारांचं तसा तो सगळा मुलूखच कामगारांचा, आणि रविवार म्हणजे फुटबॉल. डॉर्टमुंड आणि शाल्क ही नावं तू ऐकली असशील, त्या दोन मोठ्या क्लबांच्या मधोमध चेंगरलेलं हे बोखुम. गेरलांड मोठा होत होता तेव्हा खाणी एकेक करून बंद पडत होत्या, गावातली शेवटची खाण १९७३ ला बंद झाली, तोवर माणसं ओपेलच्या मोटार कारखान्यात कामाला जायला लागली होती. त्याच सुमाराला म्हणजे १९७२ ला हा पोरगा बोखुमच्या मेन टीममध्ये आला आणि १९८४ पर्यंत तिथंच खेळला. एकच क्लब, बारा वर्षं, डिफेंडर, बुंडेसलिगाच्या म्हणजे जर्मनीच्या सगळ्यात वरच्या लीगच्या २०४ मॅच आणि गोल फक्त चार. जर्मनीच्या नॅशनल टीमचा मोठा स्टार वगैरे तो कधीच नव्हता. बोखुम त्या काळात ‘खाली न पडणारे’ म्हणून ओळखले जायचे, १९७१ ला वरच्या लीगमध्ये आले ते थेट १९९३ पर्यंत टिकले, पैसा नाही, मोठी नावं नाहीत, दरवर्षी लोक म्हणणार यंदा हे नक्की जाणार आणि दरवर्षी हे कसेबसे वाचणार. अशा टीममध्ये बारा वर्षं डिफेन्स करणारा माणूस कसा घडत असेल ते तू डिफेंडर असशील तर सांगायची गरज नाही.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. १८ सप्टेंबर १९७६ ला बोखुम घरच्या ग्राउंडवर बायर्न म्युनिकच्या विरुद्ध ४-० ने पुढे होतं, आणि बायर्नने ती मॅच ६-५ ने काढली. अजूनही बोखुममधले म्हातारे ती मॅच विसरलेले नाहीत. ज्या क्लबने गावाला अशी जखम दिली त्याच क्लबमध्ये जाऊन गेरलांडने पुढची निम्मी जिंदगी काढली.

खेळणं थांबलं आणि तो बोखुममध्येच रोल्फ शाफश्टालचा असिस्टंट झाला. दोन वर्षांनी, १९८६ ला, हेड कोच. १९८८ ला त्याने टीम जर्मन कपच्या फायनलपर्यंत नेली, बर्लिनला, आयंट्राख्ट फ्रँकफर्टच्या विरुद्ध, आणि शेवटच्या दहाएक मिनिटांत हंगेरीच्या लायोश देतारीने फ्री किकवर गोल मारला, १-० ने हरले. बोखुमसारख्या क्लबसाठी कप म्हणजे काय असतं, आणि तो एका फ्री किकवर गेला.

त्यानंतरची त्याची हेड कोचगिरी मी भराभर सांगतो कारण तिच्यात फार काही नाही. न्यूर्नबर्ग, मग मध्ये बायर्नच्या दुसऱ्या टीमची पाच वर्षं, मग परत न्यूर्नबर्ग जिथं १९९६ ला सीझन संपायच्या आत त्याला काढलं आणि टीम थेट तिसऱ्या लेव्हलला पडली, मग बर्लिनची टेनिस बोरुसिया, तिथं मात्र १९९८ ला टीम वर चढवली, मग बीलेफेल्ड, ते बुंडेसलिगातून खाली गेले, मग थोडे दिवस उल्म. २००१ साली तुझ्या घरच्यांनी त्याचा बायोडेटा बघितला असता तर काय म्हणाले असते? ४७ वर्षांचा माणूस, हेड कोच म्हणून चार-पाच ठिकाणी फिरला, एकदा फायनल हरला, आता काय राहिलं.

आणि खरी गोष्ट इथून सुरू होते.

बायर्नने त्याला १९९० ला पहिल्यांदा आणलं होतं ते त्यांच्या ‘अमॅच्युअर्स’ टीमसाठी, आणि २००१ ला त्याच टीमसाठी परत बोलावलं. हे अमॅच्युअर्स प्रकरण समजून घे कारण आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही. मोठ्या क्लबची दुसरी टीम, बहुतेक पोरं १८ ते २१-२२ ची, पण खेळतात मोठ्या माणसांच्या लीगमध्ये, तिसऱ्या-चौथ्या लेव्हलला, जिथं समोर ३२ वर्षांचा सेंटर बॅक असतो ज्याला घर चालवायचंय आणि तो तुझ्या टॅलेंटचं कौतुक करायला आलेला नसतो, तुझा घोटा शोधायला आलेला असतो. आणि नियम असा की दुसऱ्या टीमला सेकंड डिव्हिजनमध्ये जाताच येत नाही. २००४ ला गेरलांडच्या पोरांनी आपली रीजनल लीग जिंकली, तरी वर गेले नाहीत. म्हणजे या कामात ट्रॉफी हा निकालच नाही. निकाल काय, तर किती पोरं वरच्या टीममध्ये टिकली. १९९० ते ९५ मध्ये मार्कुस बाबेल, क्रिस्टियान नेरलिंगर, डीटमार हामान हे त्या टीममधून वर गेले. दुसऱ्या वेळी काय झालं ते आता सांगतो.

पण आधी त्याचा असिस्टंट कोण होता ते ऐक. गेर्ड म्युलर. होय, तोच, बुंडेसलिगात ३६५ गोल मारणारा, १९७४ च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये जिंकून देणारा गोल मारणारा, एका सीझनला ४० गोलचा ज्याचा रेकॉर्ड ४९ वर्षं टिकला तो. खेळणं संपल्यावर त्याचे दिवस फार वाईट गेले, दारूत बुडाला, जुन्या मित्रांनी आणि क्लबने त्याला उपचार देऊन बाहेर काढलं आणि पोरांना शिकवायचं काम दिलं. आणि मग वर्षानुवर्षं जगातला सगळ्यात मोठा स्ट्रायकर, आयुष्यात चार गोल मारलेल्या डिफेंडरचा असिस्टंट म्हणून, थंडीत म्युनिकच्या ग्राउंडवर उभा राहून १९ वर्षांच्या पोरांना बॉक्समध्ये कसं वळायचं ते दाखवायचा. तुझ्या मित्रांना हे नक्की सांग. असिस्टंट म्हणजे कमीपणा वाटत असेल तर गेर्ड म्युलरला तो वाटला नाही.

आता फिलिप लाम. म्युनिकचाच पोरगा, उंची १७० सेंटिमीटर, सतरा-अठराव्या वर्षी गेरलांडच्या टीममध्ये खेळायला लागला. नोव्हेंबर २००२ ला लाँसच्या विरुद्ध चॅम्पियन्स लीगमध्ये शेवटच्या मिनिटाला उतरला, त्याच मॅचमध्ये श्वाइनस्टायगरचाही डेब्यू झाला, आणि त्यानंतर लामसाठी वाट बंद. उजवीकडे सान्योल, डावीकडे लिझाराझू, एक फ्रान्सचा इंटरनॅशनल आणि दुसरा वर्ल्ड कप जिंकलेला, त्यांच्या जागी १९ वर्षांचा बारका पोरगा कोण खेळवणार. लोनवर, म्हणजे काही काळ दुसऱ्या क्लबकडे खेळायला, पाठवायचं ठरलं तर घ्यायला कोणी पटकन तयार होईना, बुटका आहे, अंगात नाही, हेच. गेरलांड मात्र भेटेल त्याला हा पोरगा घ्या म्हणून सांगत सुटला होता, स्वतःची सगळी पत पणाला लावून. शेवटी २००३ ला श्टुटगार्टच्या फेलिक्स मागाटने घेतला. तिथं राइट बॅकला हिंकेल होता म्हणून लामला डावीकडे टाकलं, उजव्या पायाचा पोरगा लेफ्ट बॅकला, आणि सहा महिन्यांत तो जर्मनीकडून खेळत होता. अकरा वर्षांनी ब्राझीलच्या माराकाना स्टेडियमवर वर्ल्ड कप उचलणारा कॅप्टन तोच.

हे वाचताना सोपं वाटतं कारण लाम पुढे काय झाला ते आपल्याला माहितीय. पण २००३ मध्ये उभा राहून बघ. पोरगा मोठा झाला नाही तर गेरलांडचं हसं होणार, पुढच्या वेळी तो कुणाचं नाव घेईल तेव्हा लोक म्हणणार याचं काय ऐकायचं. पोरांच्या कोचकडे तेवढंच एक भांडवल असतं, त्याच्या शब्दाची किंमत. ते कुणावर आणि कधी लावायचं हे कळणं म्हणजे या धंद्यातली निम्मी अक्कल.

मग थॉमस म्युलर. २००८-०९ चा सीझन, जर्मनीत तिसरी लीग त्याच वर्षी सुरू झाली आणि बायर्नची दुसरी टीम तिच्यात होती. बारीक पाय, मोजे खाली, पळताना हात कुठं पाय कुठं, ना फार स्पीड ना ड्रिबलिंग. पण त्या सीझनला ३२ मॅचमध्ये १५ गोल. वरच्या टीमला तेव्हा क्लिन्समान कोच होता, तिथं म्युलरला चार-दोन मॅच मिळाल्या, आणि होफेनहाइमला तो हवा होता. गेरलांड आडवा पडला, याला सोडू नका म्हणून. त्याला काय दिसलं असेल याचा मी खूप विचार केलाय कारण म्युलरसारख्या पोराला आपल्या सिलेक्शन ट्रायलमध्ये शंभर टक्के काढलं असतं. ट्रायलमध्ये आपण काय बघतो, पोराला बॉल देतो आणि बॉल असताना तो काय करतो ते बघतो. म्युलरचं सगळं काम बॉल नसताना. डिफेंडरच्या पाठीमागून, त्याच्या नजरेच्या बाहेरून रिकाम्या जागेत जाणं. हे एका ट्रायलमध्ये दिसत नाही, एका मॅचमध्येही दिसत नाही, रोज ग्राउंडवर उभं राहून वर्षभर बघणाऱ्यालाच दिसतं. आणि पोराला असं रोज वर्षभर बघतो कोण? जो त्याच्याबरोबर खालच्या टीममध्ये असतो तोच.

पुढचं तुला माहितीय. २००९ ला लुई व्हॅन खाल आला, त्याने म्युलरला बुंडेसलिगाच्या ३४ च्या ३४ मॅच खेळवलं, १३ गोल, आणि २०१० च्या वर्ल्ड कपला पाच गोल मारून गोल्डन बूट. त्याच सीझनला होल्गर बाडश्टुबर वर आला, १७ वर्षांचा डाविड आलाबा वर आला. माट्स हुमेल्सही याच कारखान्यातला, त्याला मात्र क्लबने २००८ ला डॉर्टमुंडला जाऊ दिलं आणि २०१६ ला भरपूर पैसे मोजून परत आणलं. १३ जुलै २०१४ ला अर्जेंटिनाला १-० ने हरवणाऱ्या जर्मन टीममध्ये लाम, श्वाइनस्टायगर, म्युलर, हुमेल्स असे चौघं एकाच माणसाच्या हाताखालून गेलेले होते, आणि तो माणूस त्या बेंचवर नव्हताही.

आता असिस्टंटकीकडे येतो, जे तू खरं विचारलंस. एप्रिल २००९ ला क्लिन्समानला काढलं, सीझनच्या पाच मॅच शिल्लक होत्या, युप हाइन्केसला तात्पुरतं बोलावलं आणि त्याच्याबरोबर बेंचवर गेरलांडला बसवलं. वय ५४. त्यानंतर त्याने कुणाकुणाबरोबर काम केलं बघ: हाइन्केस, व्हॅन खाल, मध्ये योंकर, परत हाइन्केस, ग्वार्दिओला, आन्चेलॉत्ती, तिसऱ्यांदा हाइन्केस, आणि हान्सी फ्लिक. प्रत्येकाची पद्धत वेगळी, काहींची तर भाषाच वेगळी. व्हॅन खालला सगळं आखलेलं लागायचं, ग्वार्दिओला स्पॅनिशमध्ये विचार करून जर्मनमध्ये बोलणार, आन्चेलॉत्ती शांत आणि ढील देणारा. हेड कोच बदलला की त्याची माणसं जातात हा जगाचा नियम आहे, ग्वार्दिओला आपला असिस्टंट तोरेंत घेऊन आला, व्हॅन खाल योंकरला घेऊन आला होता. गेरलांड मात्र राहिला, कारण तो क्लबचा माणूस होता.

आणि इथं सगळ्यात अवघड गोष्ट येते जी कोणत्याही लायसन्स कोर्समध्ये शिकवत नाहीत. क्लबचा माणूस म्हणजे नवीन हेड कोचच्या डोक्यात पहिला विचार काय येतो, हा वर बातम्या पोचवणार. मी तीनदा या जागी होतो. नवीन कोच आला की पहिले दोन महिने तुझ्याशी नीट बोलतच नाही, टीम लिस्ट शेवटच्या मिनिटाला दाखवतो. यातून बाहेर यायचा एकच रस्ता मला सापडलाय, ग्राउंडवर आणि पोरांसमोर त्याच्या निर्णयाला शंभर टक्के धरून राहायचं आणि जे पटत नाही ते फक्त त्याच्या खोलीत, दार लावून, एकदाच आणि स्पष्ट सांगायचं. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवरसुद्धा नाही. गेरलांडची जीभ फटकळ म्हणून प्रसिद्ध, शिस्तीला कडक, रूरकडची रांगडी भाषा, तरीही इतके वेगवेगळे बॉस त्याच्याबरोबर काम करू शकले याचा अर्थ त्यांचा विश्वास बसला होता की हा माझ्या पाठीमागे खुर्ची ओढणार नाही. त्याला हेड कोचची खुर्ची नकोच होती हे सगळ्यांना दिसत होतं. त्याची ती आधीच बघून झाली होती.

काम काय असतं ते विचारलंयस तर तेही सांगतो, कारण मार्कर मांडणं हे खरंच त्यात आहे आणि ते मांडताना अंतर चुकलं तर सगळं ड्रिल फसतं, तेव्हा त्याला हसणाऱ्याने एकदा मांडून दाखवावं. वॉर्म-अप, रोंडो (रिंगणात उभं राहून मधल्याला चकवत पास द्यायचे), सेट पीस (फ्री किक, कॉर्नर वगैरे), समोरच्या टीमचा लेफ्ट बॅक दमल्यावर कुठल्या पायावर वळतो हे लिहून ठेवणं. ट्रेनिंग संपल्यावर एखाद्याला बाजूला घेऊन अर्धा तास फक्त फर्स्ट टच. पण सगळ्यात मोठं काम म्हणजे जे खेळत नाहीत त्यांना सांभाळणं. हेड कोचचं डोकं पहिल्या अकरात अडकलेलं असतं, अडकायलाच पाहिजे. बेंचवरचे सात आणि बेंचवरही नसलेले पाच, यांच्याकडे कोण बघणार? मॅचच्या दुसऱ्या दिवशी अकरा जण हलकं जॉगिंग करून घरी जातात आणि हे बारा जण चिडलेले, पडलेल्या चेहऱ्याचे, ग्राउंडवर येतात, त्यांच्याकडून पूर्ण ताकदीने ट्रेनिंग करून घ्यायचं असतं कारण त्यातलाच एक जण पुढच्या शनिवारी कुणाचातरी हॅमस्ट्रिंग गेला म्हणून उतरणार असतो. खालच्या टीममधून नुकतं वर आलेलं पोरगं कायम याच गठ्ठ्यात असतं. स्टार लोकांच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला एक तरी ओळखीचा चेहरा लागतो जो त्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून ओळखतो आणि जो त्याला शिव्याही घालू शकतो. गेरलांड तो चेहरा होता.

१० जानेवारी २०१२ ला बायर्न दिल्लीत आली होती, भाईचुंग भूतियाच्या निरोपाची मॅच, मी आणि दोन मित्र कोल्हापूरहून ट्रेनने गेलो होतो. इंडिया ४-० ने हरली, म्युलरने दोन मारले, श्वाइनस्टायगरने एक. आजूबाजूला सगळे फोटो काढत होते आणि माझ्या डोक्यात एकच, की यातले तीन गोल त्या दुसऱ्या टीमच्या ग्राउंडवरून आलेत.

त्याच वर्षी मे महिन्यात म्युनिकमध्ये, घरच्या स्टेडियमवर, चॅम्पियन्स लीगची फायनल चेल्सीकडून पेनल्टीवर हरले. २०१० ची इंटरकडून हरलेलीच होती. एखादा स्टाफ यात मोडून पडतो. पुढच्या वर्षी वेम्बलीला डॉर्टमुंडला २-१ ने हरवून लीग, कप, चॅम्पियन्स लीग तिन्ही. त्या टीमचा दुसरा असिस्टंट होता पेटर हरमान, त्याच्याबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. लेव्हरकुसेनचा जुना मिडफिल्डर, जवळजवळ सगळं कोचिंग आयुष्य असिस्टंट म्हणून काढलेला, कॅमेऱ्यासमोर कधी न येणारा. सप्टेंबर २०१७ ला बायर्नने आन्चेलॉत्तीला काढलं आणि ऑक्टोबरमध्ये ७२ वर्षांच्या हाइन्केसला रिटायरमेंटमधून परत बोलावलं तेव्हा हरमान ड्युसेलडॉर्फला असिस्टंट होता, आणि हाइन्केसला तो पाहिजेच होता. बायर्नने ड्युसेलडॉर्फला त्याच्यासाठी पैसे मोजले, साधारण पावणेदोन मिलियन युरो असं तेव्हा छापून आलं होतं. एका असिस्टंट कोचची ट्रान्सफर फी! घरच्यांना हेही वाचून दाखव.

त्याच २०१७ मध्ये गेरलांडला क्लबने नवीन कॅम्पसवर वरची पोस्ट दिली होती, शहराच्या उत्तरेला ७० मिलियन युरो खर्चून बांधलेली यूथ अकॅडमी. मोठं पद, ऑफिस, मीटिंगा. पण हाइन्केसचा निरोप आला की गडी परत बेंचवर. आणि नोव्हेंबर २०१९ ला तेव्हाचा हेड कोच कोवाच गेला, फ्लिकला टीम दिली, तेव्हा पुन्हा ६५ वर्षांचा गेरलांड ग्राउंडवर. ऑगस्ट २०२० ला बार्सिलोनाला ८-२, फायनलला पॅरिसला १-०, परत तिन्ही ट्रॉफ्या. बेंचवर बसून दोन ट्रेबल. २०२१ ला बायर्न सोडल्यावर माणूस घरी बसला असेल असं वाटेल तर नाही, जर्मनीच्या अंडर-२१ टीमला, आंटोनियो दी साल्वोचा असिस्टंट. परत २०-२१ ची पोरं. माझ्या मते त्याला दुसरं काही नकोच होतं.

फ्लिकचं नाव आलंच आहे तर दुसरी बाजूही सांगतो नाहीतर तू म्हणशील मी एकच रस्ता दाखवतो. हान्सी फ्लिक १९८० च्या दशकात बायर्नचा मिडफिल्डर, चार लीग जिंकला, दुखापतींमुळे लवकर थांबला, मग २००६ ते २०१४ आठ वर्षं जर्मनीच्या नॅशनल टीमचा कोच योआखिम लोवचा असिस्टंट, वर्ल्ड कप जिंकून बाहेर पडला आणि ५४ व्या वर्षी बायर्नचा हेड कोच झाला. म्हणजे असिस्टंट हा जिनाही असू शकतो. तू आत्ता ठरवायची गरज नाही. पण जिना समजून नुसता वर बघत चाललास तर पायाखालचं काम खराब होतं, आणि ते पोरांना दुसऱ्या आठवड्यातच कळतं.

आता माझं एक सांगतो, हे मी फारसं कुणाला सांगत नाही. आठ वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी असिस्टंट होतो, १५ वर्षांखालची टीम निवडायची होती. एक डावखुरा पोरगा होता, आई धुणीभांडी करायची, पोरगा बारका, पण बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून मागं बघायचा, त्या वयात शंभरात एखादा बघतो. सहा महिने मी त्याला रोज बघत होतो. सिलेक्शनच्या मीटिंगमध्ये हेड कोच म्हणाले अंगात नाही, पुढच्या वर्षी बघू. मी मान हलवली. तिथं नवीन होतो, पोस्ट जाईल वाटलं, काहीही कारण सांगता येईल पण मी बोललो नाही एवढं खरं. पुढच्या वर्षी तो पोरगा ट्रायलला आलाच नाही, वर्कशॉपला लागला होता. तो लाम झाला असता असं मी म्हणत नाही. पण त्याच्याबद्दल बोलू शकेल असा त्या खोलीत मी एकटाच होतो. गेरलांडची लामची गोष्ट मी वाचली ती त्यानंतर, आणि तेव्हापासून प्रत्येक सिलेक्शनला मी वहीत एक नाव आधीच लिहून नेतो, ज्याच्यासाठी मी भांडणार. एकच. दरवेळी जिंकत नाही. गेल्या सहा वर्षांत चार पोरं तशी घेतली गेली, त्यातली दोन टिकली, एक आता पुण्यात सीनियर लीग खेळतोय.

तर तू काय करायचं. जा. एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) डी कोचिंग लायसन्स नसेल तर आधी ते कर, मग एएफसीचं (आशियाई महासंघाचं) सी लायसन्स, गुडघ्याचं डॉक्टरांना विचारून घे कारण डेमो द्यावे लागतात. पगार पहिली दोन-तीन वर्षं कमीच असणार, घरच्यांना हे आधीच स्पष्ट सांग, लपवू नकोस. शाळेचं पीटीचं काम सकाळी आणि अकॅडमी संध्याकाळी असं बरेच जण करतात, मीही पाच वर्षं केलं. आणि अकॅडमीत बोलायला जाशील तेव्हा दोनच गोष्टी विचार: मॅचच्या दुसऱ्या दिवशी न खेळलेल्या पोरांचं ट्रेनिंग माझ्याकडे देणार का, आणि सिलेक्शनच्या मीटिंगला मला बसवणार का. दोन्हीला हो म्हणाले तर पैसे थोडे कमी असले तरी घे. दुसऱ्याला नाही म्हणाले तर दुसरी अकॅडमी बघ, भले तिथं टी-शर्टवर हेड कोच लिहून देत असतील.

कोर्सच्या तारखा, फी, कुठं भरायची वगैरे विचारायचं असेल तर लिही. रविवारी आमची मॅच दुपारी संपते, संध्याकाळी निवांत उत्तर देतो.